गुरू वाटाण्याएवढाही दिसत नाही, दुर्बीण खराब आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातवीतल्या लेकीच्या वाढदिवसाला ७० मिलिमीटरची दुर्बीण घेतली. खोक्यावर ५२५ पट लिहिलं होतं. ठाण्यात गच्चीवरून गुरू बघितला तर तो ‘वाटाण्याएवढासुद्धा’ नाही, शनी म्हणजे लांबट ठिपका आणि मंगळ नुसताच तांबूस. दुकानदार परत घेत नाही. तेव्हा दुर्बीण खराब आहे का, की मोठी घ्यावी? शिवाय शाळेच्या प्रकल्पासाठी मुलीला प्लुटो बघायचाय.

दुर्बीण बहुतेक ठणठणीत असावी. खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. रात्री एखादा ठळक तारा धरा आणि फोकसची चकती हळूहळू फिरवा. तारा आकसत आकसत सुईच्या टोकाएवढा झाला, तर भिंग बरं आहे. शेपटी फुटली किंवा दोन-दोन तारे दिसले तर पुन्हा लिहा. पण वीस-बावीस वर्षं आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतोय, आणि लोकांनी ‘खराब’ म्हणून आणून दिलेल्या दर दहा दुर्बिणींतल्या आठ-नऊ चांगल्याच निघाल्यात. घोळ असतो तो मनातल्या चित्राचा. पुस्तकातला गुरू २०१६ पासून त्याच्याभोवती फिरणाऱ्या जूनो यानाने काढलेला असतो, आणि शनी बहुधा कॅसिनीने. ते यान २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षं तिथेच घिरट्या घालत होतं. ही मंडळी घरात जाऊन फोटो काढतात, आपण रस्त्यापलीकडून खिडकीत डोकावतोय.

आता तुमचा वाटाणाच घेऊ, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. आज चंद्र असेल तर एक सुका वाटाणा चिमटीत धरा, हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा आणि वाटाणा चंद्रासमोर आणा. चंद्र झाकला जाईल. कार्यक्रमाला आलेल्या पोरांना मी आधी विचारतो, चंद्र झाकायला काय लागेल? उत्तरं येतात लिंबू, बशी, एकदा तर ताट. वाटाण्याने झाकला की क्षणभर सगळे गप्प. चंद्र आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार लहान दिसतो, जेमतेम अर्धा अंश.

पंचांगात अंश, कला, विकला असतात ना, तीच मापं. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. चंद्र साधारण ३० कला, म्हणजे १८०० विकला. गुरू जवळ असताना भरतो जेमतेम ४५ विकला. तो ४० पट मोठा केला की १८०० विकला, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतो त्या चंद्राएवढा. तुमच्या २० मिमीच्या आयपीसमधून (डोळा लावतो ते भिंग) ३५ पट मिळतात. म्हणजे तुम्ही गुरू जवळजवळ चंद्राएवढा बघितलात आणि वाटाण्याएवढासुद्धा नाही म्हणून नाराज झालात! आयपीसच्या काळ्या वर्तुळात शेजारी तुलनेला काहीच नसतं, त्यामुळे मन त्याला ‘छोटंसं’ ठरवून टाकतं. एक प्रयोग करा. गुरू आणि चंद्र एकाच भागात असतील त्या रात्री एक डोळा आयपीसला लावा आणि दुसरा उघडा ठेवून चंद्राकडे बघा. जमायला दोन-चार मिनिटं जातात, पण मग पटतं.

खोक्यावरचे ५२५ कुठून आले तेही सांगतो. दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे पुढच्या भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिमी. सोबतच्या ४ मिमीच्या आयपीसने भागलं की १७५, आणि मध्ये तीनपट वाढवणारी बार्लो भिंगाची नळी घातली की ५२५. गणित बरोबर, उपयोग शून्य. ७० मिमीच्या भिंगातून जेवढा प्रकाश आत येतो तेवढाच येतो. एक लाटी कितीही लाटा, पीठ तेवढंच, शेवटी पोळी फाटते. आमच्यात ठोकताळा असा की भिंगाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे जाऊ नये, म्हणजे तुमच्यासाठी १४०. तेही हवा अगदी स्थिर असेल तर. मी स्वतः या दुर्बिणीवर ७० ते १०० च्या पुढे सहसा जात नाही. ती बार्लो परत खोक्यात ठेवा आणि ४ मिमीची आयपीस विसरा. त्याऐवजी १० मिमीची एक बरी आयपीस घ्या. सत्तर पटीला गुरूवरचे दोन करडे पट्टे दिसतात, आणि नीट बघितलं तर तो गोल नसून वर-खाली जरा चेपलेला आहे हेही कळतं. पृथ्वीच्या अकरापट व्यासाचा हा गोळा दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो, त्यामुळे त्याचं पोट सुटलंय.

पटींचा हा गोंधळ जुना आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास आला होता, सुमारे साठ हजार वर्षांत सर्वात जवळ. तेव्हा तो २५ विकलांचा होता, म्हणजे ७५ पटीने बघितला तर नुसत्या डोळ्यांच्या चंद्राएवढा. ज्याने कुणी हे पहिल्यांदा लिहिलं त्याने बरोबर लिहिलं. पुढे कुठेतरी ‘७५ पटीने’ गळलं, तारीख राहिली, साल गेलं, आणि दर ऑगस्टला ‘आज रात्री आकाशात दोन चंद्र’ असा निरोप फिरू लागला. अजूनही फिरतो. आमच्या सोसायटीत एका काकांनी चटया टाकून लोकांना बसवलं होतं. त्या वर्षी मंगळ सूर्यामागे होता आणि वर पावसाचे ढग.

पण ४५ विकला इतक्या कमी का? इथे खरी सूर्यमाला सुरू होते. शाळेच्या तक्त्यात सगळे ग्रह शेजारी-शेजारी असतात, कारण कागद संपतो. मी पोरांना पंधरा डब्यांची लोकल डोळ्यांपुढे आणायला सांगतो. एक डबा साधारण वीस मीटरचा. मोटरमनच्या जागी सोललेला नारळ ठेवा, दहा सेंटीमीटर व्यासाचा. हा सूर्य. या मापाने पृथ्वी म्हणजे खसखशीचा एक दाणा, कारण सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट. ती खसखस ठेवायची पहिल्या डब्याच्या मध्यावर, नारळापासून पावणेअकरा मीटरवर. चंद्र रव्याच्या कणाएवढा, खसखशीपासून जेमतेम पावणेतीन सेंटीमीटरवर. माणूस आजवर जास्तीत जास्त गेलाय तो तेवढाच. बुध, शुक्र आणि मंगळही पहिल्याच डब्यात. दुसरा डबा लघुग्रहांचा, आणि तो जवळजवळ रिकामाच. सिनेमात दाखवतात तशी दगडांची गर्दी तिथे नाही. गुरू म्हणजे एक काबुली चणा, तिसऱ्या डब्यात. शनी त्याहून जरासा लहान चणा, पाचव्या डब्याच्या टोकाला. युरेनस अकराव्यात. नेपच्यूनसाठी डबे पुरत नाहीत. तो ज्वारीएवढा दाणा शेवटच्या डब्याच्या मागे फलाटाच्या टोकाला ठेवावा लागतो. आणि पुढचा नारळ, म्हणजे सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा? साधारण २,९०० किलोमीटर. मुंबईहून निघालात तर बँकॉकच्या आसपास पोचाल.

आता तुम्ही त्या खसखशीवर बसून पंचेचाळीस मीटर लांबचा चणा बघताय. त्यावरचे पट्टे दिसतात याचंच मला अजून आश्चर्य वाटतं.

यातली दुसरी गोष्ट अशी की हे चणे-दाणे जागच्या जागी नाहीत. त्यामुळे ‘मंगळ केवढा दिसतो’ या प्रश्नाला ‘कधी’ हे जोडल्याशिवाय उत्तर नाही. मंगळ पृथ्वीच्या निम्म्या व्यासाचा. साधारण सव्वीस महिन्यांनी आपण त्याला गाठतो, तेव्हा तो सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला येतो. याला प्रतियुती म्हणतात. ते आठ-दहा आठवडे सोडले तर छोट्या दुर्बिणीला मंगळ म्हणजे तांबूस ठिपकाच, पलीकडे असताना तर चार विकलांहूनही लहान. प्रतियुतीही सगळ्या सारख्या नसतात, कारण मंगळाची कक्षा बरीच लंबगोल आहे. फेब्रुवारी २०२७ ची प्रतियुती लंगडी, जेमतेम १४ विकलांची. सप्टेंबर २०३५ ची मात्र २००३ च्या जवळपास जाणारी आहे. तेव्हा तुमची लेक नोकरीला लागलेली असेल, आणि सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे पावसाचं शेपूट, ते वेगळंच.

शनीचंही तसंच. कडी कधी बघताय त्यावर ठरतं. शनीचा अक्ष साधारण २७ अंशांनी कललेला आहे आणि सूर्याभोवती एक फेरी व्हायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्यामुळे साधारण पंधरा वर्षांतून एकदा कड्यांची धार आपल्याकडे येते. मार्च २०२५ मध्ये तशी आली होती. मुख्य कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटरच्या घरात, पण बहुतेक ठिकाणी जाडी काही मीटर ते काही दहा मीटर. धारेवर आली की छोट्या दुर्बिणीतून नाहीशीच होतात. पृथ्वी आणि चंद्राच्या मध्ये ठेवली तर दोन्हीकडे जागा उरेल एवढी मोठी चीज, आणि बाजूने बघितली तर दिसतच नाही! गॅलिलिओलाही हे झेपलं नव्हतं. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे चिकटलेले दिसले, आणि १६१२ मध्ये ते गायब. ही कडी आहेत हे हायगेन्स या डच खगोलशास्त्रज्ञाने १६५९ मध्ये नीट मांडलं. तेव्हा तुम्हाला ‘लांबट ठिपका’ दिसला, तर तुम्ही वाईट संगतीत नाही. २०२५ नंतर कडी वर्षागणिक उघडत जाताहेत, २०३२ च्या सुमारास पूर्ण उघडतील. ७० पटीने बघा आणि घाई करू नका. पहिली दोन मिनिटं काही कळत नाही, मग एकदम कडं आणि गोळा यांच्यामध्ये काळी फट दिसते.

आता गच्ची. शहरातल्या दिव्यांना सगळे शिव्या घालतात, पण ग्रहांसाठी दिवे फारसे आड येत नाहीत. ग्रह पुरेसे ठळक असतात, दादरच्या गच्चीवरूनही शनी छान दिसतो. (तेजोमेघ, दीर्घिका यांचं वेगळं. त्यासाठी गावाबाहेरच जायला हवं.) आपला खरा शत्रू म्हणजे तापलेला स्लॅब. दिवसभर उन्हात भाजलेली गच्ची रात्री दहा-अकरापर्यंत गरम श्वास सोडत असते आणि त्यातून गुरू बघणं म्हणजे उकळत्या कढईवरून पलीकडे बघणं. कडा थरथरतात, पट्टे पुसले जातात आणि माणूस फोकस फिरवत बसतो. म्हणून दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, जेवून मग वर जा, शेजारच्या एसीच्या तोंडासमोर उभे राहू नका, आणि ग्रह क्षितिजापासून निदान दोन-तीन मुठी (हात लांब धरून) वर येईपर्यंत थांबा. खिडकीच्या काचेतून तर अजिबात बघू नका.

ट्रायपॉड हलतो असंही तुम्ही लिहिलंय. या किमतीत तो हलतोच. मधल्या दांड्याला पाच लिटर पाण्याची कॅन लटकवा आणि पाय पूर्ण लांब न करता खुर्चीवर बसून बघा, निम्मा त्रास जाईल. फाइंडर (दुर्बिणीवरची नेम धरायची छोटी नळी) दिवसाच जुळवून घ्या, लांबच्या एखाद्या टॉवरचं टोक धरून. ‘ग्रह पळून जातो’ ही तक्रार मात्र पृथ्वीकडे करायची. ती फिरते म्हणून ३५ पटीला ग्रह पाच-सहा मिनिटांत वर्तुळाबाहेर जातो. ४ मिमीच्या आयपीसमधून तर मिनिटभरातच. आणि जूनच्या आधी दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा. माझी पहिली बायनॉक्युलर कपाटात कपड्यांमागे ठेवली होती. गणपतीत काढली तर भिंगावर बुरशीची पांढरी जाळी. ती पुढे कधीच पूर्ण गेली नाही.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून नाही. सोबत आयपीसवर फिरवून बसवायची काळी ‘सन फिल्टर’ काच आली असेल तर आजच फोडून टाका. ती भिंगाने एकवटलेल्या उन्हाच्या जागी बसते, तापून तडकते, आणि तेव्हा डोळा तिथेच असतो. मुलीला स्पष्ट सांगा, दिवसा ही दुर्बीण मोठं माणूस सोबत असल्याशिवाय बाहेर काढायची नाही आणि सूर्याकडे वळवायची नाही. सूर्यावरचे डाग बघायची हौस असेल तर पुढच्या भिंगावर बसणारा खात्रीचा फिल्टर मिळतो, पण तो आधी कुणा जाणकाराला दाखवा.

प्लुटो दिसणार नाही. सहा इंची दुर्बिणीतूनही नाही. तो आपल्या चंद्राहून लहान आहे, २,३७७ किलोमीटरचा, आणि आपल्या लोकलच्या मापाने फलाट सोडून बराच पुढे. तो ग्रह का नाही हे मुलीला असं सांगा की ग्रहाने सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेलं असावं आणि आपली वाट मोकळी केलेली असावी, असं २००६ च्या ऑगस्टमध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ठरवलं. प्लुटो पहिल्या दोनांत पास, तिसऱ्यात नापास. त्याच्या वाटेवर त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. २००५ मध्ये सापडलेला एरिस जवळजवळ त्याच्याएवढाच निघाला, तेव्हा दोघांना आत घ्या किंवा दोघांना बाहेर ठेवा असा पेच होता. लोक याला प्लुटोवरचा अन्याय म्हणतात. मला तसं वाटत नाही. १८०१ मध्ये सापडलेला सेरेसही बरीच वर्षं ग्रह म्हणून मोजला जायचा, मग शेजारी आणखी सापडत गेले आणि तो लघुग्रहांत गेला. त्याच्यासाठी कुणी रडलं नाही.

प्लुटोऐवजी प्रकल्पात युरेनस घ्या. आपल्या पंचांगात याला हर्षल म्हणतात, कारण विल्यम हर्शलने तो १३ मार्च १७८१ ला शोधला. त्यालाही तो आधी धूमकेतूच वाटला होता. मोबाइलवरच्या आकाशनकाशाने जागा शोधलीत तर तुमच्या दुर्बिणीतून हिरवट-निळसर ठिपका दिसेल. ठिपकाच, पण दोनशेऐंशी कोटी किलोमीटरवरचा.

मोठी दुर्बीण घ्यावी का? गाडी, ठेवायला जागा आणि महिन्यातून एकदा बाहेरगावी जायची तयारी असेल तर सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) उत्तम. पण लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर ती कोपऱ्यात कपडे वाळत घालायला उपयोगी पडते, मी बघितलंय. माझं मत, आधी एक वर्ष हीच वापरा. चंद्र अष्टमीच्या आसपास बघा. पौर्णिमेला उजेड सरळ पडतो, सावल्या नसतात आणि विवरं सपाट दिसतात. शुक्र संध्याकाळी कोरीसारखा होतो तेव्हा बघा. तो जवळ येताना मोठा आणि बारीक होत जातो.

आणि प्रकल्पासाठी प्लुटो, मंगळ सगळं बाजूला ठेवून गुरूच धरा, तोही २० मिमीच्या साध्या आयपीसने. पटीचा मोह नको. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चार ठिपके दिसतील. आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. गॅनिमीड तर बुधापेक्षाही मोठा आहे. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हे बघितले आणि रात्रीमागून रात्र नुसती चित्रं काढली. तुमच्या लेकीनेही तेच करावं. वहीच्या पानावर मध्ये शर्टाच्या बटणाएवढं वर्तुळ, दोन बाजूंना ठिपके, खाली तारीख आणि वेळ. दहा-बारा रात्री. आयो ४२ तासांत फेरी मारतो, त्यामुळे जेवणाआधीचं आणि झोपण्याआधीचं चित्रही सारखं नसेल. कॅलिस्टोला जवळजवळ सतरा दिवस लागतात. एखाद्या रात्री तीनच ठिपके दिसले तर दुर्बीण दुरुस्तीला नेऊ नका. चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असेल. वहीत ‘तीन’ असं लिहा आणि दीड-दोन तासांनी परत वर जा.